फुकटची चटणी, महिन्याने कावीळ

वाचकहो, मागच्या वर्षी सप्टेंबर महिन्यात आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी अमेरिकेला जाऊन आलो. मुलगी आणि जावई पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्ग शहराच्या बाहेर राहतात. परत आल्यापासून दवाखान्यात एकच प्रश्न. छातीला स्टेथोस्कोप लावला तरी पेशंट विचारतो, "डॉक्टर, तिकडं जेवायचं काय केलंत?" घरी वरण-भात होताच, कारण आमच्या सौ.नी बॅगेतून कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट नेले होते. पण बाहेर जेवलो ते बहुतेक वेळा मुलीच्या घराजवळच्या एका मेक्सिकन हॉटेलात. आजचा लेख त्या जेवणाबद्दल आहे, आणि त्या निमित्ताने आपल्या हॉटेलांबद्दलही आहे.

आपल्याकडे जसे गावोगाव उडप्याचे हॉटेल, तसे अमेरिकेत मेक्सिकन हॉटेल. भिंती पिवळ्या-निळ्या रंगवलेल्या, गाणी चालू, गर्दी भरपूर. बसल्याबरोबर, अजून काही मागवलेही नाही तोच, वेटर मक्याच्या तळलेल्या कुरकुरीत तुकड्यांची टोपली आणि एका वाटीत लाल चटणी आणून ठेवतो. ही फुकट. संपली की पुन्हा भरून आणतो, तीही फुकट. या चटणीला ते साल्सा म्हणतात. कच्चा टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि वरून लिंबू. सौ.नी चमचाभर चाखली आणि म्हणाल्या, "अहो, ही तर आपली टोमॅटोची कोशिंबीर. कूट तेवढं राहिलं."

त्यांचे काही चुकले नाही. मका, मिरची आणि टोमॅटो ही तिन्ही पिके मूळची त्याच बाजूची. मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली आणि तिथून आपल्या चुलीपर्यंत आली. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून त्याची पातळ भाकरी करतात, तिला तोर्तिया म्हणतात. भाकरी, घेवड्यासारखी उसळ, भात आणि झणझणीत चटणी! सांगली-कोल्हापूरच्या माणसाला परके वाटावे असे त्यात काही नाही. वरून चीज आणि आंबट साय ओतून अमेरिकन लोकांनी ते जड करून टाकले आहे, तो वेगळा विषय.

आम्ही शाकाहारी. त्यामुळे मुलगी मागवण्याआधी चौकशी करू लागली. उसळ घोटून परतताना तिकडे पुष्कळदा डुकराची चरबी घालतात, आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. वेटर मुलगी हसतमुखाने आत गेली, स्वयंपाक्याला विचारून आली आणि म्हणाली, "उसळ तेलातली आहे, पण भात कोंबडीच्या पाण्यातला आहे, तो घेऊ नका." खरे सांगितले याचे आम्हाला फार बरे वाटले. चरबीबद्दल आम्ही चार प्रश्न विचारले. चटणीबद्दल एकही विचारला नाही. ती तर फुकट आली होती.

त्या दिवशी मुलीचे शेजारी आमच्याबरोबर होते. पंचाहत्तरीचे निवृत्त गृहस्थ, बायको वारलेली, मुलीला लेकीसारखे मानणारे. मी पाहिले की ते चटणी खाण्यापूर्वी चमच्याने उलथीपालथी करून काहीतरी शोधतात. मी डॉक्टर, त्यामुळे विचारल्यावाचून राहवेना. ते म्हणाले, "पातीचा कांदा आहे का बघतो. वीस वर्षांपासूनची सवय आहे." मग त्यांनी २००३ सालची हकीकत सांगितली. ते तेव्हा शेजारच्या बीव्हर काउंटीत राहत होते. ही घटना वैद्यकीय नियतकालिकांत सविस्तर छापून आलेली आहे. मी ती पूर्वी वाचली होती, परत येऊन पुन्हा वाचून काढली.

काय घडले होते?

पिट्सबर्गपासून जवळच मोनाका नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या एका बाजार-संकुलात चीचीज या मेक्सिकन जेवणाच्या साखळी हॉटेलची शाखा होती. २००३ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस त्या भागातल्या डॉक्टरांकडे कावीळ झालेले मोठे लोक येऊ लागले. एक नाही, दोन नाही, रोज नवे. चौकशीत सगळ्यांचे बोट एका हॉटेलकडे वळले. सरकारी आरोग्य खाते कामाला लागले. शेवटी मोजदाद झाली तेव्हा ६०१ रुग्ण निघाले. त्यांतल्या निदान १२४ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि तिघे दगावले. आजार होता हिपॅटायटिस 'ए', म्हणजे तोंडावाटे पोटात जाणाऱ्या विषाणूची कावीळ.

पहिला संशय अर्थातच कामगारांवर. भांडी घासणाऱ्याने हात धुतले नसतील, वाढणाऱ्याला कावीळ असेल. हॉटेलातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे रक्त तपासले. काही कर्मचारी आजारी होते, पण तेही गिऱ्हाइकांच्याच सुमारास पडलेले. ज्याच्यापासून सुरुवात झाली असे म्हणता येईल असा एकही माणूस सापडला नाही.

मग तपासणाऱ्यांनी साधी पण चिकाटीची युक्ती केली. आजारी पडलेल्यांना विचारले, काय काय खाल्ले? आणि त्याच हॉटेलात जेवूनही जे आजारी पडले नाहीत, त्यांनाही तेच विचारले. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली. आजाऱ्यांपैकी शंभरात ९१ जणांनी फिकी, म्हणजे कमी तिखट साल्सा खाल्ली होती. धडधाकट राहिलेल्यांत हे प्रमाण शंभरात ३५ होते. पुढे पाहिले तर त्या चटणीत कच्चा पातीचा कांदा होता. पातीचा कांदा असलेला कोणता ना कोणता पदार्थ आजाऱ्यांपैकी शंभरात ९८ जणांनी खाल्लेला होता. १७० रुग्णांच्या रक्तातला विषाणू प्रयोगशाळेत ताडून पाहिला, तो सगळ्यांत तंतोतंत एकच निघाला.

तो कांदा मेक्सिकोतल्या शेतांतून आला होता. हॉटेलात येण्याआधीच त्यावर विषाणू बसलेला होता. पातीच्या कांद्याला माणसाचा हात फार लागतो. उपटायचा, वरची साल सोलायची, जुड्या बांधायच्या, बर्फात भरायचा. अमेरिकी अन्न खात्याची माणसे पुढे त्या शेतांवर गेली, तेव्हा त्यांना हात धुण्याच्या सोयी अपुऱ्या, स्वच्छतेची आबाळ आणि पाण्याबद्दल शंका, असे आढळले. त्याच वर्षी टेनेसी आणि जॉर्जिया या राज्यांतही पातीच्या कांद्यावरून हीच कावीळ पसरली होती.

म्हणजे बघा, हॉटेल झकपक, वाढणारे हसतमुख, चव उत्तम. गिऱ्हाइके खूश होऊन, टिप ठेवून घरी गेली. त्यांना विचारले असते तर सगळ्यांनी "जेवण छान होते" असेच सांगितले असते. आणि महिन्याभराने डोळे पिवळे झाले.

आमच्या शेजाऱ्यांच्या घरातल्या तिघांनी तेव्हा प्रतिबंधक इंजेक्शन घेतले होते. संपर्कात आलेल्या सुमारे ९,००० लोकांना असे इंजेक्शन देण्यात आले. रांगा लागल्या होत्या. ज्यांनी दोन आठवड्यांच्या आत जेवण घेतले होते त्यांनाच त्याचा उपयोग, त्यामुळे कॅलेंडर हातात घेऊन लोक आपण केव्हा जेवलो ते आठवत होते. कंपनी आधीच कर्जात बुडालेली होती. २००४ साली तिची अमेरिकेतली हॉटेले बंद झाली.

"काल बाहेर खाल्लं म्हणून झाली"

ही लांबची गोष्ट मी तुम्हाला का सांगतो? कारण पावसाळ्यात माझ्या टेबलासमोर बसलेला कावीळीचा प्रत्येक पेशंट म्हणतो, "डॉक्टर, परवा लग्नात जेवलो, तेच बाधलं." परवाचे जेवण बाधले तर जुलाब होतील, उलट्या होतील. कावीळ होणार नाही. हिपॅटायटिस 'ए'चा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी चार आठवडे. महिन्यापूर्वी मंगळवारी दुपारी काय खाल्ले ते कोणाला आठवणार? म्हणूनच हा आजार पकडला जात नाही. चोर येऊन गेल्यावर महिन्याने घरात चोरी झाल्याचे कळावे, तसे आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रोग्याच्या शौचातून विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत. त्या वेळी माणसाला नुसता बारीक ताप असतो, अन्नावर वासना नसते, मळमळते, अंग मोडून येते. त्याला वाटते, हवा बदलली. तो कामावर जातो. तो हॉटेलात कांदा चिरणारा असेल आणि शौचाला जाऊन आल्यावर साबणाने हात धुवायची सोय नसेल, तर पुढचे मी सांगायला नको.

तिसरी गोष्ट उष्णतेची. हा विषाणू लिंबाने मरत नाही, मिरचीने मरत नाही, बर्फात तर मजेत टिकतो. ८५ अंशांच्या वर मिनिटभर तापवले की मरतो. म्हणून उकळता चहा, कढईतली भजी, खदखदणारा कट यांचे भय नाही. मिसळीत धोका असतो तो वरून चिमटीने टाकलेल्या कच्च्या कांदा-कोथिंबिरीत आणि शेजारी ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्यात. आपण मात्र म्हणतो, "तिखट खाल्लं, पोट बिघडलं." मोनाकाच्या त्या हॉटेलातली दोषी चटणी तर फिकी होती!

बसस्टँडजवळचा पोरगा

आता जे लिहितो ते लिहू की नको असा मी बरेच दिवस विचार करत होतो. पण दुसऱ्याच्या देशातल्या हॉटेलची हकीकत चवीने सांगायची आणि स्वतःच्या गावातली झाकायची, हे काही बरोबर नाही.

आम्ही अमेरिकेला जाण्यापूर्वी, जुलै महिन्यात, एकोणीस वर्षांचा एक पोरगा माझ्याकडे आला. डोळे हळदीसारखे पिवळे. गळ्यात कावीळ उतरवायची माळ होती, म्हणजे माझ्याकडे येण्यापूर्वी दुसरीकडे जाऊन आलेला. बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात कामाला. काम काय, तर कांदा-कोथिंबीर चिरणे आणि टेबले पुसणे. रक्त तपासले, हिपॅटायटिस 'ए' निघाली. मी विचारले, "अरे, ताप कधीपासून होता?"

"झाले की बारा-तेरा दिवस, डॉक्टरसाहेब. गोळी खाऊन जात होतो."

"घरी का राहिला नाहीस?"

"खाडा पडला की त्या दिवसाचा पगार जातो. चार दिवस सलग पडले तर मालक दुसरा ठेवतात."

मी त्याला पंधरा दिवस घरी राहायला सांगितले, चिठ्ठीही दिली. पाचव्या दिवशी सकाळी माझ्या दवाखान्यात त्याच हॉटेलातून चहा आला, आणि ट्रे घेऊन तोच पोरगा आला. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. मी चहा घेतला. काही बोललो नाही.

का बोललो नाही? मालक माझा जुना पेशंट, त्याच्या आईला शेवटच्या आजारात मीच पाहिले. शिवाय पेशंटची गोष्ट तिसऱ्याला सांगायची नाही हा आमच्या धंद्याचा नियम. ही कारणे खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. पोरग्याचे नाव न घेताही मालकाशी बोलता आले असते. खरे कारण एवढेच, की कटकट नको.

ऑगस्टमध्ये त्या भागातले कावीळीचे पाच पेशंट माझ्याकडे आले. ती त्या पोरग्यामुळेच झाली असे मी मुळीच म्हणणार नाही. त्याच दिवसांत तिथल्या गटारीजवळ नळाची पाइपलाइन फुटली होती. कदाचित त्या पोरग्याला आणि या पाच जणांना एकाच पाण्याने धरले असेल. खरे काय ते कळायला आजाऱ्यांना आणि शेजारच्या निरोग्यांना, दोघांनाही प्रश्न विचारायला हवे होते. विचारले कोणी? मीही विचारले नाही.

त्या पाचांपैकी एक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. घरच्यांनी आठ दिवस उसाच्या रसावर ठेवला होता, तोही रसवंतीतला, बर्फ घालून. माझ्याकडे आणला तेव्हा तो गुंगीत होता, असंबद्ध बोलत होता. यकृत निकामी होऊ लागल्याची ती खूण. ताबडतोब मिरजेला पाठवला. अकरा दिवसांनी घरी आला, दैव बलवत्तर. मी मिरजेलाच एम.बी.बी.एस. केले. शिकत असताना आम्हाला सांगत, ही कावीळ लहान मुलांचा आजार, आपोआप बरी होते. बहुतेक वेळा होते हे खरे. पण सगळ्यांची होत नाही.

पिट्सबर्गला त्या शेजाऱ्यांचे बोलणे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे ट्रे घेऊन उभा राहिलेला तो पोरगा होता. चटणी गोड लागेना.

मालक काय म्हणाला

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्या हॉटेलात गेलो. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. कोणाचे नाव न घेता सगळे बोललो. शौचालयाशेजारी नळ नाही, साबण नाही, कामाला असलेल्या पोरांना आजारपणाची रजा नाही. मला वाटले मालक चिडेल. तो चिडला नाही. म्हणाला, "डॉक्टर, खरं सांगू? एवढी वर्षं गल्ल्यावर बसतोय. गिऱ्हाईक काय विचारतं? कट जास्त घाला, पाव ताजा आहे का, लिंबू द्या. साबण आहे का, असं आजपर्यंत एकानंही विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

या वाक्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. वाचकहो, तुमच्याजवळ आहे का?

आपण हॉटेलातून आलो की चवीची चर्चा करतो, भावाची करतो, वाढणारा उर्मट होता की अदबशीर त्याची करतो. शाकाहारी माणूस कढई वेगळी आहे ना याची दहादा खात्री करून घेतो. ते चूक नाही, मीही तेच केले. पण ज्या हाताने कोथिंबीर पेरली तो हात कुठून आला, हे आपण विचारत नाही. विचारणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. आणि जे गिऱ्हाईक विचारत नाही, ते मालक कशाला देईल?

काही जण म्हणतील, "डॉक्टर, आपल्याला सवय आहे. आपण लहानपणी ओढ्याचं पाणी प्यालो, काही झालं नाही." या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. पूर्वी आपल्याकडे बहुतेक मुलांना हा विषाणू पाच-सहा वर्षांच्या आतच गाठायचा. त्या वयात बहुधा कावीळ दिसतही नाही, आणि जन्माचे संरक्षण मिळते. आता घरात फिल्टर आला, शौचालय आले, मुले उघड्यावर खेळेनाशी झाली. चांगलेच झाले. पण त्यामुळे आजची पुष्कळ मुले हा आजार न होता विशीत पोचतात, आणि मग कॉलेजच्या कट्ट्यावर, हॉटेलात तो त्यांना गाठतो. वय वाढते तशी या कावीळीची तीव्रता वाढते. अमेरिकेत मोठी माणसे आजारी पडली ती यामुळेच. आपली तरुण मुले आता त्यांच्याच रांगेत येऊन उभी आहेत. सवय आपल्याला होती, त्यांना नाही.

आणखी काही जण म्हणतील, दोष कामगारांचाच, घाणेरडी असतात ती माणसे. त्यांनी मोनाकाची गोष्ट पुन्हा वाचावी. तिथे सगळ्यांच्या नजरा कामगारांवर होत्या आणि रक्त तपासल्यावर त्यांच्यातला एकही मूळ दोषी निघाला नाही. माणूस घाणेरडा नसतो. त्याला नळ नसतो, साबण नसतो आणि आजारी पडायची परवानगी नसते. जो पोरगा खाडा टाळण्यासाठी तापाची गोळी खाऊन कामावर जातो, त्याला मी दोष देऊ शकत नाही. पण त्याचा ताप शेवटी आपल्याच ताटात येतो, एवढे मात्र आपण ध्यानात घ्यावे. त्याच्या रजेचे चार दिवसांचे पैसे ही दया नव्हे, आपल्या पोराबाळांच्या यकृताचा तो विमा आहे.

कायदा काय सांगतो तेही बघा. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा २०११ पासून लागू आहे. त्याखालच्या नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, विषमज्वरासारख्या आजारांची लस त्याला दिली पाहिजे, आणि संसर्गजन्य आजार झालेल्या माणसाला अन्नाला हात लावू देता कामा नये. परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक दर्शनी भागात लावायचा असतो. कागदावर सगळे आहे. पण आजारी माणसाला अन्नापासून दूर ठेवा म्हणताना त्या दिवसांचा पगार कोणी द्यायचा, हा प्रश्न राहतोच. तो सुटेपर्यंत पोरे गोळ्या खाऊन कामावर येतच राहणार.

आपण काय करायचे

हॉटेलात गेलात की आधी हात धुवायच्या बेसिनवर जा. साबण नसेल तर मोठ्याने मागा. चारचौघांत मागितलेला साबण दुसऱ्या दिवशी येतो. पावसाळ्यात कच्चा कांदा, कोथिंबीर, कोशिंबीर, चटणी, बर्फ आणि तांब्यातले पाणी बाहेर टाळा. गरम गरम वाढलेले खुशाल खा. घरी पालेभाजी आणि कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली जुडी सोडून धुवा, जुडी बांधलेली तशीच बुचकळू नका.

मूल एक वर्षाचे झाले की हिपॅटायटिस 'ए'ची लस देता येते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती 'बी'ची लस, 'ए'ची खाजगीत घ्यावी लागते. शिकायला बाहेरगावी जाणाऱ्या आणि मेसमध्ये जेवणाऱ्या मुलांनी आपल्या डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोलावे.

कावीळ झालीच तर रक्त तपासा. कोणती कावीळ आहे ते कळले पाहिजे. माळ, नाकात थेंब, डाग देणे यांत दिवस घालवू नका. हळद बंद करायची गरज नाही, पिवळ्या रंगाचा आणि या पिवळेपणाचा काही संबंध नाही. दारू पूर्ण बंद. मनाने कोणतीही गोळी घेऊ नका, तापाचीसुद्धा विचारून घ्या. सारख्या उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे, कुठूनही रक्त येणे यांपैकी काहीही दिसले तर तासाचाही उशीर न करता मोठ्या रुग्णालयात न्या. गरोदर बाईला कावीळ झाली तर ती 'ई' प्रकारची असू शकते, तिला जिवाचा धोका मोठा असतो. तिला त्याच दिवशी दाखवा.

हॉटेलमालकांना दोन हात जोडून विनंती. शौचालयाजवळ नळ आणि साबण ठेवा. कांदा-कोथिंबीर चिरायला एकाच माणसाला बसवा आणि त्याचे हात वरचेवर धुवून घ्या. ज्याला ताप, उलट्या किंवा जुलाब आहेत त्याला त्याच दिवशी घरी पाठवा, पगार न कापता. डोळे पिवळे व्हायची वाट बघितलीत तर उशीर झालेला असतो. कावीळ दिसल्यावर किमान एक आठवडा तरी त्याला अन्नाजवळ येऊ देऊ नका.

आमच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात आता शौचालयाशेजारी नळ बसला आहे. साबण दोरीला बांधून ठेवला आहे, कारण पहिला चोरीला गेला. पगारी रजेबद्दल मालक म्हणाले, "बघू." तो पोरगा अजून तिथेच आहे, तब्येतीने चांगला आहे. परवा चहा घेऊन आला तेव्हा मी विचारले, "साबण आहे का रे अजून?" तो हसला आणि म्हणाला, "आहे डॉक्टरसाहेब, पण विचारणारे तुम्ही एकटेच."

तुम्हीही विचारा. पुढच्या वेळी मिसळ मागवाल तेव्हा कट जास्त मागण्याआधी विचारा.